लिहून हाये का?

पुलगावात एक मुलगी राहत होती. तिला नर्स व्हायचं होतं.

गाव वर्धा नदीच्या काठचं, मुंबई-नागपूर-हावडा रेल्वेमार्गावरचं. एका अंगाला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून कापडगिरणी. मुलीचे आजोबा डेपोत मजूर होते; ती लहान असतानाच ते गेले. वडील नाचणगावच्या शिवारात कापूस आणि तूर करत. आई कपडे शिवे. आजी घरी असे. तिला वाचता येत नव्हतं.

मुलीच्या डोळ्यासमोर दोन जागा होत्या. एक सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. तिच्या वडिलांचा जन्म तिथला, म्हणून घरात त्या दवाखान्याचं नाव देवाच्या नावासारखं निघे. दुसरं सावंगी मेघे. दोन्हीकडे नर्सिंगचं शिक्षण होतं आणि दोन्ही ठिकाणं घरापासून तासा-दीड तासाच्या आत. पण त्याआधी नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी, उभी होती: १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगकडचा कल पाहणारे प्रश्न, प्रत्येकी २०.

विज्ञानाचं तिला भय नव्हतं. भय होतं इंग्रजीचं, आणि त्यातही उताऱ्याचं. सारं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. सराव परीक्षेत दहा-बारा ओळींचा इंग्रजी उतारा समोर आला की पहिल्या दोन ओळी डोळ्यांखालून जात आणि तिसरीपासून नुसती अक्षरं दिसत.

अभ्यासिकेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं तिला एक युक्ती सांगितली. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला मोठा शब्द धरायचा, तो उताऱ्यात कुठं आहे ते हुडकायचं आणि त्याच्या आजूबाजूला जे असेल तेच उत्तर म्हणून टिक करायचं. मैत्रिणीचा हिशेब काही खोटा नव्हता. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. शिवाय या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग अडून कशाला बसायचं?

युक्ती चालली. निदान चालल्यासारखी वाटली. एका सरावात गुण वर जात, पुढच्यात खाली येत. का वर गेले हे तिला सांगता येत नसे, का खाली आले तेही नाही. मला विचाराल तर घाबरायची जागा ही होती, कमी गुणांची नव्हे. ज्याचं कारण आपल्याला ठाऊक नाही ते बरोबर उत्तर उद्या आपल्या कामी येत नाही.

एका संध्याकाळी वीज गेली. मुलगी ओसरीत मोबाइलच्या उजेडात सरावाचं पुस्तक घेऊन बसली होती. आजी वाती वळत होती.

“काय वाचून राहिली व?”

“उतारा हाये, आजी. इंग्रजी.”

“मले सांग बरं काय हाये त्यात.”

तिला टाळता आलं असतं. पण अंधारात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. उतारा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा होता. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेले इंग्रज सैनिक तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या दवाखान्यात आणले जात. नाइटिंगेल त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या परिचारिका घेऊन तिथं पोचली. दवाखान्याखालची गटारं तुंबलेली, पाणी घाण, हवा कोंडलेली. जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफस अशा रोगांनी जास्त सैनिक मरत होते. पुढच्या वसंतात इंग्लंडहून एक स्वच्छता आयोग आला. त्यानं गटारं उपसली, पाण्याच्या वाटेत पडलेली मेलेली जनावरं काढली, हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

“आता यावर सवाल असतात,” मुलगी म्हणाली. “पहिला हा: जास्त सैनिक कशानं मेले? उत्तर, जखमांनी.”

आजीचा हात थांबला. “जखमेनं कमी मेले म्हनलं तू. रोगानं जास्त.”

मुलीनं ओळ पुन्हा पाहिली. ‘सैनिक’ हा शब्द होता, ‘मेले’ होता, ‘जखमा’ही होता, आणि या तिघांच्या मधोमध ‘पेक्षा’ असा अर्थ सांगणारा चार अक्षरांचा एक इंग्रजी शब्द उभा होता. तो तिनं वगळला होता. ओळीचा सगळा अर्थ त्याच्यातच होता.

“दुसरा,” ती जरा घाईनं म्हणाली. “मग मरनं कमी कशानं झालं? उत्तर, ती रात्री दिवा घेऊन रोग्यांजवळ फिरे म्हनून.”

“दिवा कुठून आला? मंघाशी तू दिव्याचं नाव नाही घेतलं.”

“अवं आजी, तिले दिवेवाली बाईच म्हनतात. साऱ्यायले माहीत हाये. शाळेच्या पुस्तकात होतं.”

“असंन. पन या कागदात लिहून हाये, का तूच सांगून राहिली?”

मुलीनं उतारा वरपासून खालपर्यंत चाळला. दिव्याचा उल्लेख कुठंच नव्हता. तो तिच्या डोक्यात होता, चौथी-पाचवीपासून. प्रश्न उताऱ्याला विचारलेला आणि उत्तर तिनं स्वतःच्या आठवणीतून दिलेलं. आठवण खोटी नव्हती. नाइटिंगेल खरोखरच रात्री हातात दिवा घेऊन खाटांमधून फिरत असे. फक्त त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

आजीची ही विचारायची सवय जुनी होती. ज्याला वाचता येत नाही त्याला मागं वळून ओळ पाहायची सोय नसते. त्याला ऐकतानाच सगळं धरून ठेवावं लागतं: कोण, कुणाला, कधी, किती, आणि अट कोणती. वर आजोबांची शिकवण. ते डेपोत जात तेव्हा म्हणत, पेटीवरचं वाचून घेतल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. २०१६ साली ३१ मेला मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागून स्फोट झाले. माणसं दगावली. आसपासच्या खेड्यांतले लोक अंधारात लेकरं कडेवर घेऊन घराबाहेर पडले. त्या रात्री गावात शंभर बातम्या फिरत होत्या. आजी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती: तू पाहिलं, का ऐकलं?

वाचणाऱ्यांना हे जमत नाही असं नाही. पण अक्षर ओळखता आलं की वाचून झालं, असं आपल्याला फार लवकर वाटू लागतं. वाचणं म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपलं काही न मिसळता शेवटपर्यंत ऐकून घेणं. ही गोष्ट मी सांगतो आहे ती या एका वाक्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी एक उतारा, एवढंच ठरलं. मुलगी आधी उतारा पूर्ण वाचे, हातात पेन न घेता. मग पुस्तक मिटून आजीला तो मराठीत सांगे. सांगताना जिथं अडखळे ती जागा तिला समजलेली नसे, आणि समजलेलं नसताना पुढं जाता येत नसे, कारण आजी मध्येच विचारी, “मंग त्यायनं काऊन असं केलं?” त्यानंतर प्रश्न. प्रत्येक उत्तराला ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ सापडली नाही की आजीचा तोच प्रश्न येई.

हळूहळू मुलीच्या ध्यानात आलं की आपण इतके दिवस अवघड शब्दांच्या याद्या पाठ करत होतो, आणि अवघड शब्दांनी आपल्याला फारसं कधी पाडलंच नव्हतं. पाडलं होतं ते लहान शब्दांनी. नाही. फक्त. सोडून. पेक्षा. आधी. नंतर. तोपर्यंत. कदाचित. या अर्थाचे इंग्रजी शब्द तिनं वहीच्या पाठपानावर लिहिले आणि उताऱ्यात त्यांच्याभोवती गोल करायला लागली. ‘पुढीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही’ या प्रश्नातला ‘नाही’ तिनं किती वेळा गिळला होता ते तिला जुनी सराव पुस्तकं उघडल्यावर दिसलं. अनोळखी शब्द आला तर ती आता थांबून राहत नसे; वाक्यातले बाकीचे शब्द त्याच्याबद्दल काय सांगतात ते पाहून पुढं जाई. परीक्षेत शब्दकोश जवळ नसतो, आणि बहुतेक वेळा तो लागतही नाही.

पण असं वाचून दिलेल्या पहिल्या सराव परीक्षेत गुण घटले. ती प्रत्येक ओळ वाचत बसली आणि शेवटचे प्रश्न राहून गेले. मैत्रीण चिडली. “असं वाचत बसशील तर वर्ष जाईल तुझं.”

मैत्रिणीला काळजी होती म्हणून ती बोलली. तिचं चुकत होतं ते वेळेच्या हिशेबात. जो उतारा न वाचता शब्द हुडकतो तो एका प्रश्नासाठी पूर्ण उताऱ्यावर नजर फिरवतो, दुसऱ्यासाठी पुन्हा फिरवतो, तिसऱ्यासाठी पुन्हा. पाच प्रश्न असतील तर पाच वेळा, आणि तरी हातात तुकडेच. जो एकदा नीट वाचतो त्याला कुठली गोष्ट कुठल्या ओळीत आहे ते ठाऊक असतं. प्रश्न आला की तो सरळ तिथं जातो. सुरुवातीला हे संथ वाटतं, कारण मन सवयीनं पुढं पळत असतं. ते पळणं थांबायला काही आठवडे लागतात. मुलीला लागले. त्यानंतर तिची गती आपोआप वाढली. गुण मैत्रिणीपेक्षा फार वर गेले असं नाही, पण वरखाली व्हायचे थांबले. चुकलं तर कुठं चुकलं हे आता तिला दाखवता येत होतं.

मे महिना आला. वर्ध्याचा मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. शेजारच्या घरातलं दोन वर्षांचं पोर सकाळपासून पातळ शी करत होतं. त्याची आई औषधाच्या दुकानातून ओआरएसचं पाकीट घेऊन मुलीकडे आली. नर्स होणार म्हणून गल्ली आतापासूनच तिला विचारायला लागली होती.

“पेलाभर पाण्यात टाकायचं, काकू,” मुलगी म्हणाली. तिनं स्वतः लहानपणी तसंच घेतलं होतं. काकू पेला घ्यायला वळली.

“लिहून हाये का?” आजी खाटेवरून म्हणाली.

मुलीनं पाकीट उलटं केलं. सगळी पूड एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा. चोवीस तासांत वापरा, उरलेलं फेकून द्या.

तिनं लहानपणी पाहिलं होतं ते २०० मिलिलिटरचं छोटं पाकीट. तेही बाजारात मिळतं. हे मोठं होतं. त्यात साडेवीस ग्रॅम पूड असते: मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, सगळं एक लिटरच्या मापानं तोललेलं. ती पेलाभर पाण्यात गेली असती तर पाणी पाचपट तीव्र झालं असतं. असं पाणी शरीराला पाणी देत नाही. ते आतड्यात उलट पाणी ओढून घेतं, रक्तातलं मीठ वाढवतं, आणि दोन वर्षांच्या लेकराच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे असतं.

एक लिटरची बाटली आणली, उकळून गार केलेलं पाणी मापून घेतलं, पूड पुरती विरघळवली. चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही, लघवी कमी झाली किंवा पोर मलूल वाटलं तर दवाखान्यात जायचं, हेही तिनं काकूला सांगितलं आणि काकूकडून परत म्हणवून घेतलं. ते परत म्हणवून घेणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दवाखान्यात नर्सला फोनवर औषध सांगितलं की तिनं ते लिहून घेऊन डॉक्टरांना वाचून दाखवायचं असतं, हा नियम तिला पुढं पहिल्या वर्षात कळणार होता.

इथं मला १९७१ सालची एक गोष्ट आठवते. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची मापून पाकिटं करवली, पिंपात पाणी भरून त्यात ती विरघळवली आणि ते पाणी रोग्यांना पाजायचं काम रोग्यांच्याच नातेवाइकांवर सोपवलं. तिथं १०० पैकी सुमारे ३० माणसं मरत होती. हा उपाय ज्यांना मिळाला त्यांच्यात तो आकडा चारच्या खाली आला. औषध साधं होतं. सगळी ताकद मापात होती, आणि ते माप नेमकं समजून घेऊन नेमकं पाळणाऱ्या माणसांत. इंग्रजीच्या वीस गुणांकडे परीक्षेपुरतं पाहणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

परीक्षा झाली. इंग्रजीत तिचे तीन प्रश्न चुकले. प्रवेश मिळाला, तोही जिल्ह्यातच. मैत्रिणीलाही मिळाला, दुसऱ्या फेरीत. परीक्षेआधी महिनाभर दोघी ओसरीत आजीसमोर बसून उतारे सांगत होत्या.

पहिल्या वर्षात मुलीला गोळीचं पाकीट, रोग्याच्या मनगटावरची पट्टी, केसपेपरवरचं अक्षर हे सगळं ताडून पाहायला शिकवलं: रोगी तोच ना, औषध तेच ना, मात्रा तीच ना, मार्ग तोच ना, वेळ तीच ना. अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य का लिहायचं आणि एक लिहिताना टिंब देऊन पुढं शून्य का लिहायचं नाही, तेही शिकवलं. ते टिंब पुसट झालं तर एकाचे दहा होतात. वर्गातल्या काहींना हे कंटाळवाणं वाटे. तिला नाही वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा शेतात कापसावर बोंडअळीसाठी फवारणी चालू होती. शेजारीच यवतमाळ जिल्हा. तिथं २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, शेकडो दवाखान्यात भरती झाले होते. ती बाबांबरोबर शेतावर गेली. बांधावर पंप भरायची तयारी होती आणि दोन मजूर बिनमोज्यांच्या हातांनी डबा उघडत होते.

“थांबा काका. त्याच्याबरोबर कागद आला असंन.”

कागद खोक्यात तसाच घडी घातलेला होता. अक्षर मुंगीएवढं, पण मराठीतही होतं.

“पिवळा हाये, पोरी,” थोरला मजूर डब्यावरचा रंगाचा चौकोन दाखवत म्हणाला. “लाल असला तं जहर. पिवळ्यानं काही होत नाही.”

“असं लिहून नाही, काका. लाल सगळ्यात जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल. त्याच्याखाली निळा, मग हिरवा. पिवळाही जहरच हाये.”

तिनं बांधावर बसून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क लावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका. फवारताना खाऊ-पिऊ नका, विडी ओढू नका. नंतर साबणानं हात-पाय आणि कपडे धुवा. विषबाधेची लक्षणं काय, विषावरचा उतारा कोणता. त्रास झाला तर हा कागद आणि डबा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यायचा, हे तिनं शेवटी स्वतःच्या पदरचं सांगितलं, आणि हे माझं आहे, कागदातलं नाही, असंही सांगितलं.

धाकटा मजूर इतका वेळ गप्प होता. त्यानं विचारलं, “खर्ऱ्याचं काही लिहून हाये का?”

तिनं ओळ पुन्हा काढून वाचली. काहीही चघळू नका, असं होतं.

त्यानं खिशातली तंबाखू-सुपारीची पुडी काढून पाण्याच्या कॅनजवळ ठेवली. हातमोजे घरात नव्हते. बाबा ते आणायला सायकलवर पुलगावच्या कृषी केंद्रात गेले, तोवर वारा वाढला. त्या दिवशी फवारणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.